दगड म्हणजे पोटखराबा नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ईस्टर बेटावरचा लेख वाचला. अर्धे पान तिथल्या प्रचंड दगडी मूर्तींचे छायाचित्र आणि मजकुरात एका दमात निकाल: मूर्ती ओढण्यासाठी तिथल्या लोकांनी सगळी झाडे तोडली, जमीन उजाड झाली, अन्न संपले आणि शेवटी ते एकमेकांच्या जिवावर उठले. लेखाच्या अखेरीस सोलापूरच्या शेतकऱ्याने यातून शहाणे व्हावे, असेही सुचवले आहे. ते लोक अडाणी नव्हते. ते दगडावर शेती करत होते आणि ती त्यांना जमली होती. आपल्या वाचकांना हे कळावे म्हणून लिहीत आहे. पत्र लांबले आहे, क्षमा असावी.

मी मृदसंधारणाच्या कार्यालयात अनुरेखक होते. गावनकाशावर ट्रेसिंग कापड अंथरायचे, पिना टोचायच्या आणि गटांच्या हद्दी, नाले, ताली, कंटूर रेषा शाईने उतरवून काढायच्या, हे माझे काम. जिथे दगड तिथे बारीक ठिपके टाकायचे. सातबाऱ्यावर त्याच तुकड्याला 'पोटखराबा' म्हणतात, म्हणजे लागवडीला नालायक. सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांच्या नकाशांवर मी इतके ठिपके टाकले आहेत की डोळे मिटले तरी दिसतात. त्यातला प्रत्येक ठिपका खरोखरच नालायक जमिनीचा होता का, असा प्रश्न नोकरीत असताना मला कधी पडला नाही. तो निवृत्तीनंतर पडला, या बेटाबद्दल वाचताना.

बेटाचे तिथल्या लोकांचे नाव रापा नुई. प्रशांत महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर. क्षेत्रफळ जेमतेम १६४ चौरस किलोमीटर. तीन ज्वालामुखी मिळून झालेली ही तिकोनी जमीन आहे. खालचा खडक आपल्यासारखाच, लाव्हा थिजून झालेला. पाऊस मात्र आपल्या दुपटीचा. आपल्याकडे साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे अकराशेच्या वर. पण बेटावर बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पडलेले पाणी सच्छिद्र खडकातून झिरपून जाते. ज्वालामुखींच्या विवरात साठलेली तळी, तेवढेच उघडे गोडे पाणी. त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा. उघड्यावरच्या कोवळ्या रोपाचे पान करपते.

पॉलिनेशियाचे दर्यावर्दी इथे इसवी सन १२०० च्या सुमारास पोहोचले. आपल्याकडे सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळे खोदले, तो काळ याच्या थोडा आधीचा. होड्यांतून त्यांनी केळी, ऊस, अळू, सुरणासारखे कंद आणि कोंबड्या आणल्या. तेव्हा बेटावर ताडासारख्या झाडांचे रान होते. ते गेले, हे खरे आहे. काही शेतीसाठी तोडले आणि जाळले, काहींची फळे होडीतून आलेल्या उंदरांनी खाल्ली, नवी रोपे उगवेनात. पण मूर्तींसाठी झाडे संपली, हे लेखातले वाक्य इतक्या सहज लिहिण्यासारखे नाही. टेरी हंट आणि कार्ल लिपो या अभ्यासकांनी सव्वाचार टनांहून जड प्रतिकृती उभी ठेवून, दोन्ही बाजूंनी दोरांनी डोलवत चालवून दाखवली. १८ माणसांनी ४० मिनिटांत ती १०० मीटर नेली. खाली ओंडके नव्हते.

माझा मुद्दा मूर्तींचा नाही, त्यांच्या सावलीत राहून गेलेल्या शेताचा आहे. झाडे गेल्यावर सावली गेली, वारा मोकळा झाला, माती जुनी आणि निकस. तेव्हा या लोकांनी रानात दगड वेचून आणले आणि जमिनीवर पसरले. आपण उचलून टाकतो, ते त्यांनी आणून टाकले. कुठे मुठीएवढ्या दगडांचा पातळ थर, कुठे मोठे धोंडे आणि त्यांच्या बेचक्यात रोप, कुठे दगड फोडून त्याची खडी वीतभर खोल मातीत मिसळलेली. अभ्यासक त्याला दगडी आच्छादन म्हणतात. आपण उसाचे पाचट अंथरतो, तोच हेतू. फरक एवढाच की पाचट वर्षभरात कुजते, दगड राहतो.

त्याने काय होते, ते मी जरा सविस्तर लिहिते, कारण लेखात यातले एक अक्षर नाही. पावसाचा थेंब दगडावर फुटतो, मातीवर आदळत नाही, त्यामुळे वर पापुद्रा धरत नाही आणि पाणी फटींतून खाली उतरते. ऊन दगडावर थांबते, खालची ओल उडत नाही. दिवसा तापलेला दगड रात्री ऊब सोडतो, त्यामुळे मुळांपाशी थंडी-उन्हाचा चटका कमी बसतो. जमिनीलगतचा वारा दगडांत अडखळतो. आणि ताज्या फुटलेल्या दगडातून पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्फुरद हळूहळू मातीत येते. खताला शेण नाही, कारण बेटावर गाय-बैल नाहीत. खतही दगडच.

इथे मला माझी आई आठवते. माझे माहेर सांगोला तालुक्यातले. ७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात दगड धरायला फाटक्या लुगड्याची चुंबळ. मी पाटीतून दगड आणून द्यायची. दुपारी सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकरी. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा. त्यातले बरेच ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले, पुढे एक-दोन वर्षे. आणि त्या ढिगांच्या कडेने हरळी हिरवी असायची. सगळे माळरान पिवळे पडलेले, पण खडीच्या ढिगाला हिरवी किनार. शेळ्या तिथेच तोंड घालायच्या. ही गोष्ट मी पन्नास वर्षे डोक्यात घेऊन फिरले आणि तिचा अर्थ मला एका परक्या बेटाच्या माहितीने सांगितला.

त्या बेटावर फुटलेल्या दगडाचा आणखी एक पुरावा आहे. बहुतेक मूर्ती रानो राराकू नावाच्या ज्वालामुखीच्या खाणीत घडवल्या गेल्या. तिथल्या दोन मूर्तींभोवती पुरातत्त्वज्ञ जो ॲन व्हॅन टिलबर्ग यांच्या पथकाने उत्खनन केले, आणि मातीच्या तपासणीत केळी, अळू आणि रताळ्याच्या खुणा सापडल्या. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मूर्ती घडवताना पडणारा चुरा आणि तळ्याचा ओलावा मिळून खाणीतली माती बेटावरच्या सर्वात सुपीक मातींपैकी झाली होती. म्हणजे मूर्ती घडत होत्या तिथेच पीकही निघत होते. आपल्या लेखातली मूर्ती विरुद्ध अन्न ही जोडी इथेच मोडते.

दुसरी त्यांची रीत 'मनवाई'. गोल दगडी भिंत, साधारण छातीएवढी, काही ठिकाणी आतली जमीन खोल केलेली. आत केळी, ऊस, अळू. भिंत वारा अडवते, सावली देते, आत पाणी मुरते. बेटावर अशा दोन हजारांहून जास्त मनवाई नोंदल्या आहेत. आमच्या सासरी वाड्यामागे दगडी भिंतीचे परडे होते, त्यात आत्याबाईंची चार केळी आणि अळू असायचे, सांडपाण्यावर. बाहेर धुरळा उडत असताना परड्यात पाय ठेवला की गारवा लागायचा. एवढे जवळचे आहे ते.

१७२२ च्या ईस्टरच्या रविवारी, ५ एप्रिलला, डच कप्तान याकोब रोखेफेन तिथे पोहोचला, म्हणून ते नाव. त्याने जमीन सुपीक असल्याचे आणि केळी, रताळी, जाडजूड ऊस पाहिल्याचे नोंदवले. लोकांनी त्याच्या माणसांना कोंबड्या आणि केळी दिली. त्याच्या माणसांनी गोळीबारात दहा-बारा जण मारले. १७८६ मध्ये ला पेरूज हा फ्रेंच दर्यावर्दी आला. चालताना पायांना जाच करणारे हे दगडच जमीन गार आणि ओलसर ठेवतात आणि झाडांच्या सावलीची उणीव काहीशी भरून काढतात, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. थोडाच वेळ थांबलेल्या पाहुण्याला जे दिसले, ते आपल्या लेखकाला दिसू नये, याचे वाईट वाटते.

आता नकाशाची गोष्ट, जी माझ्या जिव्हाळ्याची. या दगडी बागा बेटावर किती होत्या, हे उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचे प्रयत्न झाले. आधीचे आकडे ४.३ पासून २१.१ चौरस किलोमीटरपर्यंत होते. त्यावरून कोणी म्हणे, एवढ्या शेतीवर बारा-पंधरा हजार माणसे जगत असणार, मग ती गेली कुठे, म्हणजे उपासमारीने मेली असणार. जून २०२४ मध्ये डिलन डेव्हिस, कार्ल लिपो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी आधी पाच वर्षे बेटावर पायी फिरून खऱ्या बागा नोंदवल्या, मग अवरक्त किरणांची उपग्रहचित्रे संगणकाला वाचायला शिकवली. ओल आणि खनिजे यांमुळे बागेचा दगड आणि नुसता पडलेला दगड त्या किरणांत वेगळे दिसतात. निघाले किती? ०.७६ चौरस किलोमीटर. सुमारे १८८ एकर. बेटाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आधीच्या मोजणीत रस्ते आणि उघडा लाव्हाही बागा म्हणून धरला गेला होता.

हे वाचले तेव्हा मी टेबलाशी उठून उभी राहिले. दगड तोच, पण कोणता कामाचा आणि कोणता नुसता पडलेला, हे ओळखायला पायी फिरावे लागले. आम्ही कार्यालयात बसून ठिपके टाकत होतो.

त्या अभ्यासकांच्या हिशेबाने दगडी बागा आणि समुद्रातले अन्न मिळून बेटावर तीन हजारांच्या आसपास माणसे जगू शकत होती. युरोपीय आले तेव्हा त्यांनी केलेला अंदाजही साधारण तेवढाच आहे. म्हणजे पंधरा हजार कधी नव्हतेच, तर मरणार कोठून? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात १५ जुन्या बेटवासीयांच्या जनुकांचा अभ्यास आला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण त्यात सापडली नाही. उलट ती १८६० च्या दशकापर्यंत हळूहळू वाढत होती.

मग काय झाले? १८६२ मध्ये पेरूहून गुलाम पकडणारी जहाजे आली आणि दीड हजारांच्या आसपास माणसे धरून नेली. जी थोडी परतली, त्यांच्याबरोबर देवीच्या रोगाची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसे उरली. १८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतले आणि पुढे ते मेंढ्यांच्या कंपनीला दिले. लोकांना हांगा रोआ या एका गावात कोंडून, बाकी बेट १९५३ पर्यंत मेंढ्यांना. सहाशे वर्षांत शेतकऱ्यांनी जे केले नाही, ते बाहेरून आलेल्यांनी केले. लेखात याबद्दल एक वाक्य नाही आणि दोष मात्र शेतकऱ्याच्या माथी. दुष्काळी भागातल्या बाईला हा न्याय ओळखीचा वाटतो, म्हणून राग आला.

एक गोष्ट रताळ्याची. त्या बेटाचे मुख्य अन्न रताळे. रताळे मूळचे अमेरिकेतले. पॉलिनेशियात त्याला 'कुमारा' म्हणतात आणि दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत त्याच्याशी मिळताजुळता 'कुमार' हा शब्द आहे. कोलंबस निघायच्या आधीच हे लोक आणि अमेरिकेतले लोक भेटले होते. त्या जनुकांच्या अभ्यासाने ही भेट १२५० ते १४३० च्या दरम्यानची ठरवली आहे. आपल्याकडे रताळे त्याच अमेरिकेतून, पण उलट्या बाजूने आणि उशिरा, पोर्तुगीजांच्या हातून आले. आज आषाढीला पंढरपुरात रताळ्यांच्या पाट्या लागतात, वारकरी उपासाला तीच उकडून खातो. यंदा एकादशीला रताळे सोलताना मला त्या १८८ एकरांची आठवण झाली, हे खरे सांगते.

आमची जमीन मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, पाच एकर. त्यातली दोन माळाची, मुरमाड, दगडगोट्यांची. आत्याबाई होत्या तोवर त्यांचा एकच हुकूम: "त्या रानातला दगुड उचलायचा न्हाई. खालची वल मरती." आम्ही सुना मनात म्हणायचो, म्हातारीला काय कळते. २०१७ साली धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, रान निर्मळ करून घेऊ, डाळिंब लावू. पोटखराबाही लागवडीत येईल." मीच पैसे दिले. जेसीबीने दोन दिवसांत दीड एकर साफ केले. दगड बांधावर गेले, काही ट्रॉल्या विकल्या. रान तळहातासारखे दिसत होते. पहिल्याच मोठ्या पावसात वरची माती नाल्यात गेली आणि जी राहिली तिच्यावर पापुद्रा धरला. उन्हाळ्यात ठिबक रोज चालवूनही झाडे दुपारी माना टाकायची.

म्हसोबाच्या कोपऱ्यात यंत्र गेले नव्हते, तिथले दहा गुंठे तसेच राहिले. त्यात जुनी सीताफळे आणि दोन बोरी, कुणी पाणी न घातलेल्या. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वैशाखात मी तिथला एक दगड उलटला आणि बोट घातले. बोटाला गार माती लागली. शेजारच्या साफ रानात कुदळ लागत नव्हती. आत्याबाई तेव्हा नव्हत्या. कुणाला सांगणार?

बांधावरचे दगड दोन बायकांना मजुरीला घेऊन आम्ही परत रानात आणले. मुठीएवढे निवडून डाळिंबाच्या ओळीत पसरले, खोडापासून वीतभर जागा सोडून. तीन उन्हाळे झाले. त्या ओळींना आता पाणी दिवसाआड पुरते. त्रासही सांगते: तण हाताने उपटावे लागते, ठिबकची नळी बुजली तर शोधताना जीव मेटाकुटीला येतो, आणि दगडाखाली विंचू असतो, पायात बूट घातल्याशिवाय जाऊ नये. आणि हे ज्वारीच्या काळ्या रानात करू नये. तिथे पाभर, कोळपे चालले पाहिजे. भेगा बुजवणारी कोळपणी हेच तिथले आच्छादन. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. दगड फक्त उथळ, मुरमाड रानातल्या फळझाडांना.

हे काही रापा नुईपुरतेच नाही. न्यूझीलंडचे माओरी रताळ्याच्या रानात वाळू-गोटे मिसळत. कॅनरी बेटांपैकी लान्झारोतेवर ज्वालामुखीच्या काळ्या राखेच्या आच्छादनात द्राक्षे होतात. चीनच्या गान्सू प्रांतात गोट्यांच्या रानात कलिंगडे पिकतात, आणि तिथला पाऊस आपल्यापेक्षाही कमी.

माझ्या विनंत्या दोन. एक, त्या लेखाची दुरुस्ती छापावी. दुसरी संशोधकांना, आपल्या वृत्तपत्रातून: सोलापुरात कोरडवाहू शेतीचे जुने संशोधन केंद्र आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. मी बोटाने ओल पाहते, त्यांच्याकडे मोजायची साधने आहेत. माळाच्या दहा गुंठ्यांवर दगड ठेवून आणि दहा गुंठ्यांवर काढून दोन उन्हाळे मोजावे आणि जो आकडा येईल तो छापावा, माझ्या विरुद्ध आला तरी. तोवर शेतकऱ्यांनी निदान माळरानातले दगड विकण्याची घाई करू नये.

दुरुस्ती छापताना मूर्तींऐवजी एखाद्या मनवाईचे छायाचित्र मिळाले तर पाहावे. गोल भिंत असते आणि तिच्यावरून केळीची पाने वर आलेली दिसतात.

दिरांनी उरलेल्या तुकड्यासाठी परवा पुन्हा यंत्राची चौकशी केली. म्हसोबाच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, एवढे त्यांनी कबूल केले आहे. बाकीच्याबद्दल अजून आमचे बोलणे चालू आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त अनुरेखक,
जुळे सोलापूर